जिताड्याचे बीज आणि आशियातील मत्स्यशास्त्रज्ञांची संस्था

रायगडच्या खारेपाटात जावई आला की तळ्यात पाग पडतो. पेण, अलिबाग आणि उरण तालुक्यांत भाताच्या खाचराशेजारी किंवा घरामागे खणलेल्या तळ्यात, गोड्या पाण्यात जिताडा वाढवण्याची पद्धत कित्येक पिढ्यांपासून चालत आलेली आहे. पावसाळ्यात भरतीच्या पाण्याबरोबर उघाडीतून आत शिरलेली किंवा खाडीच्या कडेला जाळ्यात सापडलेली बोटाएवढी पिल्ले तळ्यात सोडायची. तळ्यातील बारीक मासळी खाऊन ती वाढतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी काढण्याजोगी होतात. यात खर्च कमी आणि माशाला भाव चांगला, त्यामुळे शेतकऱ्याला भातापेक्षा तळ्याचा आधार अधिक वाटू लागल्यास नवल नाही.

या पद्धतीची अडचण एकच आहे व ती मोठी आहे. पिल्ले निसर्गाच्या मर्जीवर मिळतात. पूर्वीसारखी पिल्ले आता खाडीत सापडत नाहीत, अशी तक्रार मेळाव्यातून हमखास ऐकू येते. मग शेतकरी विकतच्या बीजाकडे वळतो. हे बीज पूर्व किनाऱ्यावरील केंद्रातून पिशव्यांत भरून येते आणि आल्यावर त्यातील निम्मे मेले तर दोष कोणाचा, हे कळत नाही.

जिताड्याचे बीज तयार करण्याची विद्या आपल्याकडे आली कशी आणि त्यात निरनिराळ्या देशांच्या मत्स्यशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन चालविलेल्या संस्थांचा काय वाटा आहे, याची माहिती या लेखात देण्याचा विचार आहे. "परदेशात परिषदा भरतात, त्याने माझ्या तळ्यात काय पडते?" हा प्रश्न शेतकरी बांधव विचारतात आणि तो रास्त आहे.

एक मासा, अनेक नावे

आपला जिताडा बंगालमध्ये भेटकी म्हणून ओळखला जातो. तामिळनाडूत त्याला कोडुवा, केरळात काळांजी, मलेशियात सियाकाप, थायलंडमध्ये प्ला कापोंग खाव, फिलिपिन्समध्ये अपाहाप आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणतात. इराणच्या आखातापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला हा एकच मासा असून शास्त्रात त्याला लेटस् कॅल्करीफर हे नाव आहे. बंगालमधील भेड्या, म्हणजे भरतीचे पाणी अडवून केलेले बांधबंदिस्तीचे तलाव, आपल्या खारबंदिस्तीच्या फार जवळचे आहेत. म्हणजे पेणच्या शेतकऱ्याला पडलेला प्रश्न थायलंडच्या शेतकऱ्यालाही पडलेला असणार, आणि कदाचित त्याचे उत्तर तेथे आधीच सापडलेले असणार. मात्र ते उत्तर थाई भाषेतील एखाद्या अहवालात, तेथील कचेरीच्या कपाटात राहिले तर आपल्याला त्याचा उपयोग नाही.

ही अडचण दूर करण्यासाठी १९८४ मध्ये एशियन फिशरीज सोसायटी ही संस्था स्थापन झाली. ही सरकारी संस्था नव्हे. निरनिराळ्या देशांतील मत्स्यशास्त्रज्ञ वर्गणी भरून तिचे सभासद होतात. ती तलाव खणत नाही, बीज विकत नाही, अनुदान तर देतच नाही. तिची कामे मुख्यतः तीन. ठरावीक वर्षांनी एखाद्या देशात मोठी परिषद भरवणे, संशोधनाचे नियतकालिक चालवणे, आणि निरनिराळ्या विषयांचे अभ्यासगट व देशोदेशीच्या शाखा उभ्या करणे. पहिली परिषद १९८६ मध्ये मनिला येथे झाली. त्यानंतर टोकियो, सिंगापूर, बीजिंग, चियांग माई अशी ती फिरत राहिली. आठवी परिषद २००७ मध्ये कोची येथे व चौदावी फेब्रुवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे भरली. संस्थेचे नियतकालिक १९८७ पासून निघते. भारतीय शाखेचे कार्यालय मंगळूर येथील मत्स्य महाविद्यालयात असून या शाखेने १९८७ मध्ये तेथेच पहिला भारतीय मत्स्य मेळावा घेतला.

परिषदेत प्रत्यक्ष काय होते? एखादा शास्त्रज्ञ उभा राहून सांगतो की मी अमुक इतक्या क्षारतेच्या पाण्यात अमुक इतकी पिल्ले वाढवली, अमुक इतकी जगली. समोर बसलेला दुसऱ्या देशाचा शास्त्रज्ञ विचारतो, पाण्याचे तापमान किती होते, खाद्य किती वेळा दिले, आणि माझ्याकडे तर याच्या निम्मीही जगली नाहीत, ते का? भाषणांपेक्षा ही उलटतपासणी अधिक मोलाची. परिषदेनंतर जो निबंध छापला जातो, तोही इतर जाणकारांनी तपासल्यावरच. अशा परिषदांत भोजने आणि हारतुरे यांवर वेळ जातो हे खरे, पण दोन देशांच्या शास्त्रज्ञांची ओळख होऊन पुढे पत्रव्यवहार, प्रशिक्षण आणि नमुन्यांची देवाणघेवाण सुरू होते ती बहुधा अशाच ठिकाणी.

जिताड्याची विद्या कोठून कोठे गेली

जिताडा हा नदी आणि समुद्र या दोन्हींत राहणारा मासा आहे. पिल्ले व तरुण मासे खाडीत आणि खाडीतून वर गोड्या पाण्यात वाढतात. प्रजननासाठी मात्र मोठे मासे खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्यात उतरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या भरतीला अंडी सोडली जातात आणि भरतीचे पाणी ती अंडी व पिल्ले खाडीत आत आणते. आपल्या तळ्यातील जिताडा कितीही मोठा झाला तरी तळ्यात पिल्ले का होत नाहीत, याचे कारण हे आहे. गोड्या पाण्यात तो वाढतो, पण विण्यासाठी त्याला दर हजारी सुमारे ३० भाग क्षारतेचे पाणी लागते.

हा मासा कृत्रिमरीत्या विणवण्यात पहिले यश १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला थायलंडमधील सोंगख्ला येथील सरकारी मत्स्यकेंद्राला मिळाले. खाडीच्या मुखाशी पकडलेल्या पक्व नर-मादीपासून तेथे बीज तयार करण्यात आले. पुढे मासे बंदिस्त जागेत पाळून त्यांना संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन अंडी घेण्याची पद्धत बसवली गेली.

दुसरी महत्त्वाची गोष्ट पापुआ न्यू गिनी या दूरच्या बेटावर उघड झाली. तेथे काम करणारे शास्त्रज्ञ मूर यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की जिताडा प्रथम नर म्हणून पक्व होतो आणि काही वर्षांनी त्याच माशाची मादी होते. सर्वसाधारणपणे लहान पक्व मासे नर आणि खूप मोठे मासे माद्या आढळतात. ही माहिती हाती आल्यावर बीज केंद्रात नुसते मोठे मासे आणून ठेवण्याची चूक टळली. लहान व मोठे दोन्ही प्रकारचे प्रजनक ठेवणे आवश्यक ठरले. आपल्या दृष्टीनेही यात एक बोध आहे. पावसाळ्यात धरमतर, रेवदंडा किंवा राजपुरीच्या खाडीमुखाशी आठ-दहा किलोचा जिताडा जाळ्यात आला की आनंद होतो, पण तो मासा बहुधा अंड्यावर आलेली मादी असतो. पुढच्या हंगामात उघाडीतून येणारी पिल्ले त्याच मादीची असणार होती.

सप्टेंबर १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन या शहरात केवळ याच एका माशावर आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली. ती ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राने भरवली होती. थायलंडची बीजोत्पादनाची पद्धत, ऑस्ट्रेलियातील नैसर्गिक साठ्याचे व्यवस्थापन, माशांचे रोग, खाद्य असे सर्व विषय तेथे एकत्र आले. भारतातील जिताडा संवर्धनाच्या स्थितीवर आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा निबंधही त्यात आहे. त्या वेळी भारतातील संवर्धन जवळजवळ सर्वस्वी खाडीतून पकडलेल्या पिल्लांवर अवलंबून होते, म्हणजे आपल्या खारेपाटासारखेच.

यानंतर अकरा वर्षांनी, १९९७ मध्ये, चेन्नई येथील केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने बंदिस्त पाळलेल्या जिताड्यापासून बीज काढण्यात यश मिळवले. पुढे सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाच्या राजीव गांधी मत्स्यसंवर्धन केंद्राने तामिळनाडूत जिताड्याच्या बीजाचे मोठे केंद्र उभारले. तेथपासून बीजाच्या पिशव्या पश्चिम किनाऱ्याकडे येऊ लागल्या. सोंगख्ला ते पेण हा प्रवास व्हायला पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागला. हा काळ थोडा नव्हे. पण प्रत्येक देशाने पहिल्यापासून आरंभ केला असता तर तो किती लागला असता, याचाही विचार करावा.

रोगाची चार नावे

शास्त्रज्ञांनी एकमेकांशी बोलणे का आवश्यक आहे, याचे सर्वांत कडू उदाहरण कोळंबीचे आहे. १९९२-९३ च्या सुमारास पूर्व आशियात कोळंबीच्या तलावांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला. चीन, जपान, तैवान आणि थायलंड या देशांतील शास्त्रज्ञांनी त्याच्या विषाणूला निरनिराळी चार नावे दिली. चार नावे म्हणजे चार रोग असावेत असे वाटत राहिले. नमुने आणि निष्कर्ष ताडून पाहिल्यावर हा एकच विषाणू आहे, हे स्पष्ट झाले. तोवर जिवंत कोळंबी व बीज यांच्या वाहतुकीबरोबर तो अनेक देशांत पोहोचला होता. भारतात तो १९९४ मध्ये आला आणि किनाऱ्यावरील कोळंबी संवर्धकांचे कंबरडे मोडले.

एशियन फिशरीज सोसायटीने १९८९ मध्येच माशांच्या आरोग्याचा स्वतंत्र विभाग सुरू केला होता. या विभागाची पहिली रोगविषयक परिषद १९९० मध्ये बाली येथे व आठवी २०११ मध्ये मंगळूर येथे झाली. या परिषदांनी रोग थांबवला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण एका देशात दिसलेल्या लक्षणाचे वर्णन दुसऱ्या देशाच्या प्रयोगशाळेत लवकर पोहोचू लागले.

जिताड्याचेच उदाहरण पाहू. बीज केंद्रातील पिल्ले काळवंडतात, गोल गोल फिरतात आणि पहिल्या महिन्यातच मोठ्या संख्येने मरतात, असा प्रकार ऑस्ट्रेलियात आढळला व १९९० मध्ये त्यामागे विषाणू असल्याचे प्रसिद्ध झाले. मज्जासंस्था आणि डोळ्यांवर हल्ला करणारा हा नोडा विषाणू होय. भारतातील बीज केंद्रात तो आढळल्याची पहिली नोंद २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या शास्त्रज्ञांना काय शोधायचे हे आधीच ठाऊक होते, कारण इतरांनी ते लिहून ठेवले होते. हा विषाणू प्रजनक माशांकडून अंड्यांत उतरू शकतो, म्हणून चांगले केंद्र प्रजनकांची आणि बीजाची पीसीआर तपासणी करून घेते.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. ज्ञान एका देशातून दुसऱ्या देशात जितके मोकळेपणी जाईल तितके चांगले. जिवंत मासा मात्र तसा जाता कामा नये. पॅसिफिकमधील व्हेनामी कोळंबी आणण्यास २००९ मध्ये परवानगी मिळाली तीदेखील रोगमुक्त प्रजनक आणि चेन्नई येथे विलगीकरण या अटींवरच. कोणी 'परदेशी जातीचे' म्हणून स्वस्तात बीज देऊ लागला तर ते घेऊ नये. जिताडा तर आपलाच मासा आहे, त्याला परदेशी शिक्क्याची गरज नाही. केंद्रातून आणलेले बीज तळ्यातच ठेवावे, उरलेली पिल्ले खाडीत सोडू नयेत. खाडीतील वंश जसा आहे तसा राखणे इष्ट.

बीज घेताना

बीज केंद्रात अंडी सुमारे १७ ते १८ तासांत फुटतात. तिसऱ्या दिवशी पिल्लाचे तोंड उघडते व त्याला रोटिफर हे सूक्ष्म प्राणी खाऊ घालावे लागतात, त्यानंतर आर्टेमियाची पिल्ले. सुमारे २५ दिवसांनी ते एक-दीड सेंटिमीटरचे होते. हे बीज तळ्यात सोडले तर फारच थोडे हाती लागते, कारण तळ्यात आधीच असलेले मासे ते फस्त करतात. त्यामुळे ८ ते १० सेंटिमीटरची बोटुकली घ्यावी, किंवा लहान बीज घेऊन ते तळ्यात बांधलेल्या हाप्यात, म्हणजे बारीक जाळीच्या चौकोनी पिंजऱ्यात, वाढवून मग सोडावे.

जिताडा आपल्या भावंडांना खातो. लहानपणी तो आपल्या लांबीच्या जवळजवळ दोन-तृतीयांश लांबीचे पिल्लू गिळू शकतो. 'पिशवीत मोजून हजार होते, महिन्याने चारशे उरले, मेलेले तर एकही तरंगले नाही' ही तक्रार ऐकली की मासे कोठे गेले हे ओळखावे. फिलिपिन्स, थायलंड आणि आपल्याकडील सर्वांचा अनुभव यावर एकच सांगतो, तो म्हणजे प्रतवारी. हाप्यातील पिल्ले दर चार-पाच दिवसांनी आकारानुसार वेगळी करावीत, मोठी एका हाप्यात, लहान दुसऱ्यात. सुमारे १५ सेंटिमीटरपर्यंत हा धोका अधिक असतो. बीज घेतानाही एकाच आकाराचे मागावे. मिश्र आकाराचे बीज स्वस्त मिळाले तरी ते महाग पडते.

केंद्राला आपल्या तळ्याचे पाणी गोडे आहे की निमखारे, हे आधी कळवावे. खाऱ्या पाण्यातील बीज एकदम गोड्या पाण्यात टाकणे धोक्याचे आहे. केंद्राकडूनच हळूहळू क्षारता उतरवून गोड्या पाण्याला सरावलेले बीज मागता येते. पिशव्या आल्यावर त्या बंद स्थितीत तळ्याच्या पाण्यावर अर्धा तास तरंगत ठेवाव्यात, मग तोंड उघडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घालावे. हे काम सकाळी किंवा सायंकाळी करावे, भर उन्हात करू नये. बीज केंद्रात गोळी खाद्यावर आणलेले आहे की नाही, तेही विचारावे. गोळी खाद्य न खाणारी पिल्ले तळ्यात बारीक मासळी नसल्यास उपाशी राहतात आणि मग एकमेकांकडे वळतात. पावतीवर बीजाचा आकार, संख्या आणि तपासणीचा उल्लेख असावा. निमखाऱ्या पाण्याचे तलाव असतील तर किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्याखाली, २०२३ च्या दुरुस्तीसह, नोंदणीची गरज आहे का याची चौकशी जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधीच करून घ्यावी.

आपल्याकडून काय गेले

आतापर्यंत बाहेरून आलेल्या ज्ञानाची गोष्ट झाली. ही वाहतूक एकाच दिशेने का असावी, हा प्रश्न आम्हाला नेहमी पडतो. खारेपाटातील शेतकरी गोड्या तळ्यात, इतर मासळीच्या जोडीने, विकतचे खाद्य न घालता जिताडा काढतो. पिंजऱ्यात गोळी खाद्यावर जिताडा वाढवणाऱ्या देशांना खाद्याचा खर्च डोईजड होत असताना या पद्धतीकडे दुर्लक्ष होण्याचे कारण नाही. पण परिषदेत गोष्ट चालत नाही, आकडा लागतो. किती पिल्ले सोडली, किती निघाली, किती वजनाची, किती महिन्यांनी? बहुतेक तळ्यांच्या बाबतीत याचे उत्तर 'बऱ्यापैकी' एवढेच मिळते.

महिलांच्या कामाबाबत असेच होते. रायगडच्या बंदरांवर मासळी निवडणे, सुकवणे, डोक्यावर टोपली घेऊन बाजार गाठणे ही कामे प्रामुख्याने कोळी व आगरी महिला करतात, पण मासेमारीच्या आकडेवारीत बराच काळ फक्त होड्या आणि पुरुष मोजले गेले. याच सोसायटीच्या १९९८ च्या चियांग माई परिषदेत आशियातील मत्स्यव्यवसायातील महिलांवर स्वतंत्र चर्चासत्र झाले आणि पुढच्या परिषदांतून, कोचीतही, ते चालू राहिले. मोजणी सुरू झाल्यावरच सुकवणीचे ओटे, बर्फ आणि बाजारातील जागा यांची मागणी कागदावर मांडता येते.

तळ्याच्या नोंदीसाठी शंभर पानी वही पुरे. पिल्ले कोणत्या तारखेला व कोणत्या तिथीच्या भरतीला मिळाली, कोणत्या उघाडीवर, किती आणि साधारण किती बोटे लांबीची, हे पहिल्या पानावर लिहावे. विकतचे बीज असल्यास केंद्राचे नाव, पिशव्यांची संख्या आणि पोहोचताना मेलेली पिल्ले लिहावीत. त्यानंतर दर वेळी काढलेल्या माशाची तारीख आणि वजन. घरी खाल्लेला आणि जावयाला दिलेला मासाही लिहावा, तो हमखास राहून जातो. उन्हाळ्यात तळ्याचे पाणी किती उतरले आणि बांध फुटून खारे पाणी आत आले असल्यास तो दिवसही नोंदवावा. अशा वह्या रोहा येथील कृषी विज्ञान केंद्रात, पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात किंवा रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात दाखवता येतील. एकाच गावातील दहा-पंधरा तळ्यांच्या तीन हंगामांच्या नोंदी हाती आल्या, तर त्यावर निबंध लिहिता येईल आणि थायलंडचा शास्त्रज्ञ शहापूर-धेरंडच्या तळ्याविषयी प्रश्न विचारू लागेल.